केस गळत असताना कलप लावावा का?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मूल तालुक्यातले पन्नाशीचे एक गृहस्थ सकाळीच दवाखान्यात आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, डोळे सुजून जवळजवळ मिटलेले, कानांच्या पाळ्या लालबुंद आणि कानांमागून चिकट पाणी पाझरत होते. चार दिवसांवर मुलीचे लग्न होते. सोबत आलेले मेहुणे म्हणाले, "रात्री काही चावलं असन जी, डॉक्टरसाहेब." चावलेले काही नव्हते. दुपट्टा सोडायला लावला तेव्हा केस काळेभोर दिसले आणि केसांखालची कातडी ओली, सुजलेली, बारीक फोडांनी भरलेली.

हकिगत विचारली ती अशी. फेब्रुवारीत त्यांना विषमज्वर झाला होता. तीन आठवडे अंथरुणात गेले. एप्रिलच्या शेवटी केस गळू लागले; कंगव्यात, उशीवर, मोरीच्या जाळीवर, जिकडेतिकडे केस. दहा-बारा वर्षांपासून ते पाकिटातला कलप लावत. केस गळतात ते या कलपामुळेच, असे कोणीतरी त्यांना ठासून सांगितले. म्हणून त्यांनी कलप सोडला आणि लग्नासाठी बाजारातून 'काळी मेंदी' आणली. मेंदी म्हणजे झाडपाला, तिने काय व्हायचे आहे, असा त्यांचा हिशेब. रात्री लावली, दुसऱ्या दिवशी खाज, तिसऱ्या दिवशी ही अवस्था.

गृहस्थांचा अंदाज दोन्हीकडे चुकला होता. केस गळत होते ते तापामुळे. आणि ज्या पुडीला ते झाडपाला समजले तिच्यात तेच रसायन होते, जे पाकिटातल्या कलपात असते. लग्नसराईच्या आधी अशी दोन-चार माणसे दरवर्षी येतात आणि विचारणाऱ्यांची संख्या तर त्याहून मोठी. डोके विरळ होत चालले आहे, जे उरले ते पिकले आहे. रंगवले तर उरलेलेही जातील काय, ही भीती स्त्रियांना आणि पुरुषांना सारखीच असते. त्यासाठी आजचा लेख.

कलप मुळापर्यंत जातो का?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले रोज पन्नास ते शंभर गळणे नैसर्गिक आहे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने. मग त्याची वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर बसून राहतो आणि शेवटी गळून त्या जागी नवा येतो. डोक्यावर आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. कापला तर दुखत नाही ते त्यामुळेच. जिवंत असते ते मूळ आणि ते कातडीच्या खाली तीन-चार मिलिमीटर खोल असते.

कलपाचे काम चालते ते या निर्जीव दांडीवर. पाकिटातल्या कलपात सामान्यतः तीन गोष्टी असतात. अमोनियामुळे केसावरचे खवले उघडतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे केसाचा मूळ रंग फिका पडतो. तिसरे रसायन म्हणजे पॅराफिनिलिनडायअमिन. नाव लांबलचक असल्याने डॉक्टर त्याला 'पीपीडी' म्हणतात, आपणही तेच म्हणू. पीपीडीचे बारीक कण केसाच्या आत शिरतात, तेथे पेरॉक्साइडशी त्यांची क्रिया होऊन मोठे काळे कण तयार होतात आणि मोठे झाल्यामुळे त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून साबणाने धुतले तरी रंग जात नाही. या सगळ्यात मुळाला धक्का लागत नाही. वडिलांकडून किंवा आईकडून आलेले टक्कल कलपाने पडत नाही आणि कलप सोडला म्हणून थांबतही नाही.

मग कलप अगदी निर्दोष आहे का? तसे नाही. एक म्हणजे वारंवार रंगवल्याने केसाची दांडी कोरडी व ठिसूळ होते आणि केस मधूनच तुटतात. लोकांना ते गळण्यासारखेच वाटते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. कलपाची ॲलर्जी होऊन डोक्याची कातडी सुजली, तर त्या आघाताने पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणजे कलपाचा त्रास केसांना होतो तो कातडीच्या मार्गे. आपल्याला सांभाळायची आहे ती डोक्याची कातडी. ती निरोगी असेल तर विरळ केसही रंगवता येतात.

केस गळतो आहे की तुटतो आहे हे घरीच कळते. पडलेले दहा-वीस केस गोळा करा. पांढरे असतील तर काळ्या कापडावर, काळे असतील तर पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी बारीक पांढरी गाठ दिसली तर केस मुळापासून गळला आहे. गाठ नाही, तुकडे आखूड आणि लांबीला कमीजास्त आहेत, तर केस तुटला आहे. तुटणाऱ्यांनी काही महिने रंग बंद ठेवावा, केस ओले असताना कंगवा ओढू नये, सरळ करण्याचे किंवा कुरळे करण्याचे प्रकार टाळावे.

आणखी एक परीक्षा. पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढा. पाच-सहापेक्षा जास्त केस हातात आले आणि डोक्याच्या तीन-चार जागी तसेच झाले, तर गळणे जोरात चालू आहे असे समजावे. अशा दिवसांत कलप पुढे ढकलावा. कलपाने गळणे वाढेल म्हणून नाही. रंगवल्यानंतर रोजचे गळणे दिसले की सगळा दोष कलपावर येतो आणि खरे कारण शोधायचे राहून जाते.

खरे कारण कोठे असते?

आमच्या भागात पहिले कारण ताप. गडचिरोलीच्या एटापल्ली, भामरागड, धानोरा या पट्ट्यातून येणाऱ्या रुग्णांना मी आधी विचारतो, तीन महिन्यांपूर्वी हिवताप झाला होता का? बहुतेकांना आठवत नाही. घरची बाई आठवण करून देते. हिवताप, विषमज्वर, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, काही दिवसांचे कडक उपास, या साऱ्यांनंतर दोन ते तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू शकतात. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनातून उठलेल्या पुष्कळांनी हा अनुभव घेतला. मधल्या दोन-तीन महिन्यांच्या अंतरामुळे तापाचा संबंध लक्षात येत नाही आणि बिचारे तेल, साबण, पाणी, कलप यांच्यावर संशय जातो. हे गळणे बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. औषधापेक्षा धीर आणि पोटभर जेवण, त्यात वरण, अंडी किंवा मासळी, हिरवी भाजी, यांचा उपयोग जास्त.

स्त्रियांमध्ये पांडुरोग, म्हणजे रक्तातले लोह कमी होणे, आणि थायरॉइड ग्रंथीचे विकार ही कारणे नेहमी सापडतात. थकवा, धाप, पाळी जास्त जाणे किंवा अनियमित होणे, वजन वाढणे यांपैकी काही असेल तर कलपाच्या आधी रक्त तपासावे. पुरुषांचे टक्कल कपाळाच्या दोन कोपऱ्यांतून आणि टाळूवरून सुरू होते, स्त्रियांचा भांग रुंद होत जातो. हे अनुवंशिक आणि हळूहळू चालणारे. चाई म्हणजे रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा. लहान मुलाच्या डोक्यात कोंड्यासारखी खपली आणि तुटलेल्या केसांचा चट्टा असेल तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो आणि त्याला पोटातून औषध लागते.

विदर्भातलेच ताजे उदाहरण पाहा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये काही दिवसांत अनेकांची डोकी मोकळी झाली. पहिला संशय पाण्यावर गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून, लोक खात असलेल्या गव्हात सेलेनियम हे मूलद्रव्य फार जास्त असल्याचे मांडले. डोक्यावर काय लावले याचा विचार सगळे करत होते आणि बोट दाखवले गेले ते ताटातल्या अन्नाकडे.

चाईवर बिब्बा लावण्याची किंवा लसूण चोळण्याची पद्धत अजून खेड्यांत आहे. आपल्या जंगलात बिब्बा मुबलक, म्हणून तो हाताशी असतो. बिब्ब्याच्या तेलाने कातडी अक्षरशः भाजते, आणि भाजून व्रण पडला तर त्या जागी केस कायमचा येत नाही. चाई बहुतेकदा आपोआप भरून येते. भाजलेली जागा भरून येत नाही.

कोणी सध्या कलप लावूच नये?

डोक्यात जखम, पुरळ, खरचटलेले, गजकर्ण, सोरायसिस किंवा खाजरा जाड कोंडा असेल त्याने आधी त्यावर उपचार करावा. उवांचे औषध लावले असेल तर आठ-दहा दिवस जाऊ द्यावे. कोणत्याही कलपाने पूर्वी एकदाही खाज, सूज किंवा पुरळ आली असेल तर पीपीडी असलेला कलप पुन्हा आयुष्यात लावू नये. "थोडासा लावून पाहतो" हेही नको, कारण पुढची प्रतिक्रिया आधीपेक्षा जोरदार असते. जत्रेत हातावर काढून घेतलेल्या काळ्या 'टॅटू'ने ज्यांना फोड आले त्यांनाही हेच लागू. त्या काळ्या रंगात बहुधा पीपीडीच असते.

कर्करोगाचे उपचार घेऊन नागपूरहून परतलेल्या भगिनी विचारतात. औषधांनी गेलेले केस उपचार संपल्यावर परत येतात, सुरुवातीला मऊ, कधी कुरळे. कातडी त्या वेळी फार नाजूक असते. निदान सहा महिने थांबावे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच रंग लावावा. केसरोपण केलेल्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबावे. गरोदरपणात पहिले तीन महिने तरी कलप नको, असे मी सांगतो; नऊ महिने थांबले तर काही बिघडत नाही.

केस वाढावेत म्हणून मिनॉक्सिडिलचे पाणी लावणाऱ्यांची संख्या आता लहान गावांतही वाढली आहे. हे औषध आणि कलप एका दिवशी लावू नयेत. कलपाच्या आधी चोवीस तास व नंतर चोवीस तास औषध बंद ठेवावे. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत गळणे थोडे वाढते. ते जुने केस जागा सोडत असतात. नेमका त्याच वेळी कलप लावला तर पुन्हा दोष चुकीच्या खात्यात जमा होतो.

'हर्बल', 'अमोनियाविरहित' आणि काळी मेंदी

खऱ्या मेंदीच्या पानाचा रंग केशरी-तांबडा असतो. पांढऱ्या केसांवर ती केशरीच दिसणार. लोखंडी कढईत भिजवली, चहाचे पाणी किंवा कात घातला तर जरा गडद, तपकिरी होते. काळी होत नाही. म्हणून हिशेब सोपा आहे: जी 'मेंदी' वीस-तीस मिनिटांत केस काळेभोर करते तिच्यात रसायन आहे. पाकिटावर पानांचे चित्र असले तरी आहे. मूलच्या गृहस्थांनी आणलेली पुडी मी मागवून घेतली. समोर हिरवी पाने, मागे अगदी बारीक अक्षरांत पीपीडीचा उल्लेख. तो वाचायला मलाही चष्मा लावावा लागला.

'अमोनियाविरहित' म्हणजे वास कमी, डोळ्यांत पाणी कमी. पीपीडी त्यातही असू शकते आणि ॲलर्जी अमोनियापेक्षा पीपीडीची जास्त असते. महाग पाकीट घेतले म्हणून ॲलर्जी टळत नाही. केस 'हळूहळू आपोआप' काळे करणाऱ्या बिननावाच्या पाण्यांपासून दूर राहावे. अशा काही द्रावणांत पूर्वी शिशाचे क्षार असत आणि शिसे हे विष आहे.

शुद्ध मेंदीचे काय? मोठ्या माणसांना ती बहुधा सोसते. तिच्यावर नीळ, म्हणजे नीळ वनस्पतीच्या पानांची भुकटी (कपड्यांची नीळ नव्हे), वेगळी भिजवून लावली तर रंग काळसर येतो. दोन्हींना मिळून अर्धा दिवस जातो आणि हाताने चांगली सवय व्हावी लागते. मात्र एक इशारा देतो, तो आपल्या भागासाठी विशेष आहे. काही घराण्यांमध्ये, आदिवासी समाजातही, रक्तपेशींतील जी-६-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते. हिवतापाच्या प्रायमाक्विन गोळीने अशा लोकांच्या रक्तपेशी फुटतात हे ऐकून माहीत असेल. मेंदीतला रंगही तान्ह्या बाळाच्या कोवळ्या कातडीतून आत जाऊन तेच करू शकतो. म्हणून तान्ह्या मुलांच्या हातापायांना, डोक्याला मेंदी थापू नये. थापल्यानंतर बाळ पिवळे पडले किंवा लघवी चहासारखी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कानामागची चाचणी

कलपाच्या प्रत्येक पाकिटावर चाचणीची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे, पण ती करणारा माणूस मी क्वचितच पाहिला. पद्धत सोपी आहे. कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची रुपयाएवढी जागा साबणाने धुऊन कोरडी करा. लावायच्या वेळी जसा कालवता तसाच थोडा कलप कालवून तेथे लावा आणि वाळू द्या. चोवीस तासांनी हलक्या हाताने धुवा. कायद्याची सूचना चोवीस तासांची आहे. मी आणखी एक दिवस थांबायला सांगतो, कारण ही ॲलर्जी पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते. लाली, खाज, सूज, पाणी, यांपैकी काहीही दिसले तर तो कलप आपला नाही.

"पण डॉक्टरसाहेब, दहा वर्षं झाले, हाच लावतो जी," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते तोंडपाठ झाले आहे. दहा वर्षे सोसला म्हणून अकराव्या वर्षी सोसेलच असे नाही. शरीर एखाद्या रसायनाला ओळखायला, त्याच्यावर चिडायला वेळ घेते. म्हणून चाचणी दर वेळी करायची. लग्न रविवारी असेल तर कलप शनिवारी रात्री काढू नका. चाचणी आठ दिवस आधी, कलप चार-पाच दिवस आधी.

विरळ केसांवर लावताना

ज्या दिवशी कलप लावायचा त्या दिवशी डोके घासून धुऊ नये. आदल्या दिवशी धुवावे. कातडीवरचा नैसर्गिक तेलकटपणा हे संरक्षण आहे. कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेवर व्हॅसलिन लावावे. हातमोजे घालावे, पाकिटात नसतील तर औषधाच्या दुकानात मिळतात. कलप काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत कालवावा, धातूच्या नव्हे. दाट केसांत कलप केसांवरच राहतो, विरळ डोक्यात तो सरळ कातडीवर जातो, म्हणून पातळ कालवू नये आणि बोटांनी चोळू नये. लहान ब्रशने केसांच्या बटा उचलून, कातडीपासून थोडे अंतर ठेवून लावावा. मुळाशी थोडा पांढरा राहिला तर राहू द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि भर दुपारी कलप लावला तर घामासोबत तो डोळ्यांत उतरतो. सकाळी किंवा दिवस मावळल्यावर, पंख्याखाली बसून लावावा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा पाच मिनिटेही जास्त ठेवू नये. जास्त वेळ ठेवल्याने रंग पक्का होतो ही समजूत चुकीची आहे, कातडीला मात्र त्रास होतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. दोन कलपांत निदान सहा आठवडे जावेत आणि पुढच्या वेळी फक्त नव्याने वाढलेल्या भागाला लावावा.

सलूनमध्ये लावून घेत असाल तर स्वतःचे पाकीट न्या आणि ते समोर फोडायला सांगा. मिशा रंगवण्याची हौस मोठी असते. ओठांची आणि नाकाखालची कातडी डोक्यापेक्षा नाजूक आहे आणि सुजलेल्या ओठांचे रुग्ण बहुतेक पुरुष असतात.

आता रंगाविषयी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. टक्कल लपवायला लोक कोळशासारखा काळा रंग निवडतात. परिणाम उलटा होतो. केस जितके काळे तितकी त्यांच्यामधून दिसणारी कातडी उठून दिसते. केस आणि कातडी यांच्या रंगातला फरक कमी असेल तर विरळपणा कमी जाणवतो. म्हणून काळ्याऐवजी गडद तपकिरी रंग घ्यावा. त्याचा दुसरा फायदा म्हणजे मुळाशी पांढरे दिसू लागले तरी ते लगेच डोळ्यांत भरत नाही. केस आखूड ठेवणे, स्त्रियांनी भांगाची जागा बदलत राहणे, याने जे होते ते महागड्या तेलांनी होत नाही. केसांचा मूळ रंग उडवून सोनेरी पट्टे काढण्याचे खूळ मात्र विरळ केसवाल्यांनी करू नये. त्यात केस सर्वांत जास्त तुटतात.

भुवया रंगवू नका

कलप भुवयांना किंवा पापण्यांना कधीही लावायचा नाही. अमेरिकेत १९३३ साली 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या रंगवण्याचा पदार्थ विकला जात होता. त्यात पीपीडीच्याच जातीचे रसायन होते. काही स्त्रियांची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला, आणि तेथे १९३८ मध्ये सौंदर्यप्रसाधनांचा कायदा झाला, त्यामागे हेही एक कारण होते. आपल्या पाकिटांवरही या वापराने अंधत्व येऊ शकते असा इशारा छापलेला असतो.

भुवयांच्या बाबतीत आमच्या जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भुवईचे केस बाहेरच्या टोकाकडून कमी होत असतील, कानाच्या पाळ्या जाड वाटत असतील, अंगावर कोठे फिकट, बधिर चट्टा असेल, तर ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. थायरॉइडमध्येही भुवईचे टोक विरळ होते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण पेन्सिलीने भुवई कोरून गप्प बसण्याचेही नाही. वरोऱ्याजवळ आनंदवन ज्या जिल्ह्यात उभे राहिले, १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती ज्या जिल्ह्यात स्थापन केली, तेथल्या लोकांना हा रोग नवा नाही. आज बहुविध औषधोपचाराने तो सहा ते बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. लवकर आला तर हात, पाय, डोळे सारे शाबूत राहते.

त्रास झालाच तर

कलप लावल्यावर आग किंवा खाज सुटली तर ताबडतोब भरपूर गार पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावे. हळद, लिंबू, खोबरेल, चुना यांपैकी काहीही वर लावू नये. मुंडण करण्याची बहुधा गरज नसते. सूज चेहऱ्यावर उतरू लागली तर डॉक्टरांकडे जावे. ओठ-जीभ सुजली, घशात अडकल्यासारखे वाटले, श्वास लागला तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काही जणांना सूज ओसरल्यावर कपाळाच्या कडेला पांढरे डाग पडतात. तेही कलपाचेच असतात, दाखवून घ्यावेत.

आणि कलपाची पुडी, उरलेला कालवलेला कलप, घरात मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये. पोटात गेला तर काही तासांत घसा सुजतो आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. त्यावर उतारा नाही. थोडासाच गेला असेल असे समजून घरी थांबू नये, उलटी करवण्यात वेळ घालवू नये, सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि पुडी सोबत घ्यावी.

मूलच्या गृहस्थांना गोळ्या आणि मलम दिले. लग्नाच्या दिवशी सूज बरीच ओसरली होती, बाकीचे फेट्याने झाकले. अपेक्षेप्रमाणे जुलैत केस पुन्हा गळले आणि ते पुन्हा घाबरून आले. दिवाळीपर्यंत भरून येतील असे सांगितले, तसे आले. कलप आता त्यांना कायमचा बंद आहे. काही दिवस साधी मेंदी लावली, केशरी डोके नातवाला आवडले नाही म्हणून तीही सोडली. परवा मुलीला घेऊन आले होते. तिच्या बाळंतपणाला तीन महिने झाले आहेत आणि आता तिचे केस गळत आहेत.